पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं सॉफ्टवेअर

तुमच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन फिरत असताना तुम्हाला दार उघडू देत नाही. मग तुमच्याच घरातली बाई ज्या प्रेससमोर दिवसभर उभी राहते, तो प्रेस तिचा हात आत असतानाही खाली येतो, हे तुम्ही कसं काय चालवून घेता?

प्रश्न रागाने विचारला आहे, हे कबूल. माझे वडील एकलहऱ्याला वीजकेंद्रात कामाला होते आणि कामावरून आल्यावर पत्रकं लिहायचे. सभेची, जयंतीची, संपाची, पाण्याच्या टाकीची. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त अशी जी घरं होती, त्यातलं एक आमचं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवली, आणि गणित अडलं की पान उलटून छापील बाजू वाचली. त्यामुळे माझी भाषा ही अशी झाली. पप्पा स्वतः मात्र शांतपणे लिहायचे. म्हणायचे, "पत्रकात मागणी एकच ठेवायची, आणि शेवटी. दहा मागण्या केल्या की साहेब त्यातली सगळ्यात स्वस्त मान्य करतो, वर चहा पाजतो आणि आपल्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतो."

हा लेख त्याच शिस्तीत लिहिते आहे. मागणी शेवटी आहे. एकच आहे.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण ते माझ्या घरच्यांनाही नीट कळलेलं नाही. आई सांगते, "कॉम्प्युटर दुरुस्त करते." मावशी सांगते, "वायरमन आहे, पण पॅन्ट-शर्ट घालून." दोघीही अर्ध्या बरोबर आहेत. कारखान्यातल्या मशीनचे हातपाय लोखंडाचे असले तरी आता त्याचं डोकं सॉफ्टवेअरचं असतं. कधी वर जायचं, कधी खाली यायचं, कधी थांबायचं हे सगळं एका प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तो प्रोग्रॅम बिघडला, बदलायचा झाला, किंवा ज्या कॉम्प्युटरवर तो चालतो तो कॉम्प्युटर मेला, की मला फोन येतो.

गोम अशी की मशीन पंचवीस वर्षं चालतं आणि सॉफ्टवेअर दर दोन-तीन वर्षांनी कात टाकतं. ज्या व्हर्जनमध्ये प्रोग्रॅम लिहिला, त्याच व्हर्जनमध्ये तो नीट उघडतो. नव्या व्हर्जनमध्ये उघडला तर नवं व्हर्जन तो आनंदाने आपल्यासारखा करून घेतं, आणि मग जुनं मशीन त्याला ओळख दाखवत नाही. म्हणून माझ्या लॅपटॉपवर एकाच सॉफ्टवेअरची अनेक व्हर्जन्स शेजारी शेजारी नांदतात. काही इतकी जुनी की आजच्या कॉम्प्युटरवर त्यांना श्वासच घेता येत नाही. त्यांच्यासाठी लॅपटॉपच्या पोटात जुन्या काळचा आणखी एक कॉम्प्युटर बसवून ठेवावा लागतो, म्हणजे पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात वीस वर्षांपूर्वीचं जग सुरू. त्यातल्या सगळ्यात जुन्या व्हर्जनला मी 'आजोबा' म्हणते. आजोबा हळू आहेत, मधेच रुसतात, पण त्यांना जे आठवतं ते दुसऱ्या कोणालाही आठवत नाही.

पिंपळगावकडच्या एका बागायतदाराने मला हे सगळं एका वाक्यात ऐकवलं होतं. त्याच्या पॅकहाऊसमधलं द्राक्ष तोलायचं मशीन बंद पडलं होतं.

"मॅडम, हे बेणं कालपरेंत माणसासारखं चालत होतं."

"काल कोणी हात लावला होता?"

"माझ्या भाच्यानं. इंजिनेर हाय. लय हुशार."

हुशार भाच्याने जुना प्रोग्रॅम नव्या व्हर्जनमध्ये उघडून, बघून, शहाण्यासारखा 'सेव्ह' करून ठेवला होता. मी आजोबांना उठवलं, माझ्याकडची जुनी प्रत काढली आणि मशीन चालू केलं. तेवढा वेळ बागायतदार माझ्या डोक्याशी उभा. "लवकर करा मॅडम. द्राक्षाला तुमचं व्हर्जन कळत नाय." भाचा कोपऱ्यात उभा राहून मोबाईल बघत होता. त्याला मामा म्हणाला, "तू हुशारच राहा, पन लांब राहा."

हे एवढ्यासाठी सांगितलं की एका कॉम्प्युटरवर एकाच सॉफ्टवेअरची दोन-तीन व्हर्जन्स दिसली तर मला काही वाटत नाही. उलट बरं वाटतं; कोणीतरी जपून ठेवलंय. म्हणूनच अंबडच्या त्या कारखान्यात मला पहिल्यांदा काहीच खटकलं नाही.

कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण तिथला प्रेस चालवणाऱ्या शोभाताई अजून तिथेच कामाला आहेत. तिथे गाड्यांना लागणारे ब्रॅकेट बनतात. ब्रॅकेट म्हणजे दुसऱ्या एखाद्या भागाला जागेवर धरून ठेवणारी, वाकवलेली लोखंडी पट्टी. सपाट पट्टी साच्यात ठेवायची, पायाने पेडल दाबायचं, वरून प्रेस खाली येतो, पट्टी वाकते. काढायची, पुढची ठेवायची. या प्रेसचं कंट्रोल सॉफ्टवेअर शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालायचं आणि तो कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजत होता. मला बोलावलं होतं सगळं उचलून नव्या कॉम्प्युटरवर बसवायला. गेल्या वर्षी दिवाळी होऊन कारखाने पुन्हा सुरू झाले, तेव्हाची गोष्ट.

प्रेसवर शोभाताई होत्या. चाळिशीच्या, सिन्नरकडच्या, हिरव्या साडीवर कंपनीचा खाकी शर्ट चढवलेल्या. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. उजव्या हाताने पट्टी उचलायची, डाव्याने आत सरकवायची, हात बाहेर येतो न येतो तोच पाय पेडलवर. एकही हालचाल जास्तीची नाही.

प्रेसवर खंडेनवमीचा हार अजून लोंबत होता. कारखान्यात त्या दिवशी मशीनची पूजा होते, हळदकुंकू लागतं, झेंडूचे हार पडतात, आणि ते हार मग वाळून गळेपर्यंत कोणी काढत नाही. मी हाराकडे बघितलं आणि पुढे गेले. मग थांबले. परत वळून बघितलं. हार प्रेसच्या तोंडाशी असलेल्या दोन पिवळ्या खांबांना बांधलेला होता, या खांबापासून त्या खांबापर्यंत, मध्ये झोळ पडलेला.

त्या दोन खांबांच्या मध्ये प्रकाशाचा पडदा असतो. डोळ्यांना न दिसणारे किरण एका खांबातून निघतात आणि दुसऱ्यात जातात. मध्ये काही आलं की किरण तुटतात आणि प्रेस जिथल्या तिथे थांबतो. हात वाचतो. हात आणि झेंडू यांतला फरक पडद्याला कळत नाही, कळायचं कारणही नाही. काहीही मध्ये आलं की थांबायचं.

हार मध्ये होता. मशीन चालू होतं.

"शोभाताई, हा पडदा बंद आहे का?"

"कंचा पडदा?"

"हे दोन खांब."

"ते व्हय! त्याला आमी दर वर्साला हार बांधतो. बांधायला लय बरे हायेत."

मी खुर्चीवर बसले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन आयकॉन होते. एकाचं नाव 'प्रेस जुने', दुसऱ्याचं 'प्रेस रोजचे', आणि तिसऱ्याचं 'प्रेस पाहुणे'.

"हे पाहुणे काय आहे?"

"पाव्हणे आले का ते लावायचं."

"कोण पाहुणे?"

"गाडीच्या कंपनीवाले येत्यात ना, ऑडिटला. टाय लावून. सकाळीच निरोप येतो, पाव्हणे लावा म्हनून. मग ते गेले का परत रोजचं."

"दोघांत फरक काय?"

शोभाताई हसल्या. पट्टी ठेवता ठेवताच म्हणाल्या, "पाव्हणे लावलं का मशीन लय लाजतं. हात दिसला का थांबतं. नव्या नवरीवानी."

त्या हसल्या तशी मीही हसायला तोंड उघडलं होतं. तोंड उघडंच राहिलं. आपल्याकडे चांगले कप पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, नवी चादर पाहुण्यांसाठी काढतात, हे मला माहीत होतं. माणसाचा हात वाचवणारं सॉफ्टवेअर पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. कारखान्यात काय काय होतं याबद्दल आपलं वाचन बरं आहे, असा माझा समज होता.

'जुने'च्या मागे फाईलच उरली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी उरलेले दोन्ही प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर घेतले. ते फक्त आजोबांमध्ये उघडले. दोन्ही शेजारी शेजारी लावून ओळीला ओळ ताडून पाहिली. सगळं सारखं, एक ओळ सोडून. त्या ओळीत पडद्याकडून येणाऱ्या खबरीला नाव दिलेलं होतं: 'हात शे'.

शे म्हणजे आहे. अहिराणीत. प्रोग्रॅममध्ये अहिराणी नावं देणारा एकच माणूस मला माहीत होता.

देवरे सर सटाण्याकडचे. मी डिप्लोमा करून नोकरी शोधत होते आणि मुलीला साईटवर कोण पाठवणार म्हणून जो तो मला ऑफिसात बसवत होता, तेव्हा सरांनी आपला स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चल पोरी." मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलं. आजोबांची प्रतही त्यांचीच, मी त्यांच्याकडून उतरवून घेतलेली. आपल्या भाषेत नाव दिलं की चूक लवकर दिसते, असं ते म्हणायचे. खरंच होतं. मला लगेच दिसली.

'पाहुणे'मध्ये पडद्याने कळवलं की 'हात शे' खरं व्हायचं, मग प्रेस थांबायचा. 'रोजचे'मध्ये त्याच ओळीवर लिहिलं होतं की 'हात शे' कायमचं खोटं धरा. पडदा काहीही सांगो. मशीनला एकदाच, कायमचं बजावून ठेवलं होतं की समोर हात नाहीच.

शोभाताई डबा खात होत्या, मेथीची भाजी. भाकरीचा तुकडा मोडणारा तो हात मी बघत बसले.

गेटबाहेर जाऊन मी सरांना फोन लावला.

"काय म्हनस पोरी?"

मी कारखान्याचं नाव सांगितलं. मग सर म्हणाले, "हार आहे का अजून खांबाला?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. हारापर्यंत सगळं.

"सर, 'रोजचे' तुम्ही लिहिलं?"

"तात्पुरतं लिहिलं होतं गं. पडदा उगाचच हात दाखवायचा, मशीन सारखं थांबायचं. शेठ म्हणाला, माल अडकलाय, आठ-दहा दिवस पडदा सोडून चालवा, नवा मागवतो. मी वेगळी प्रत करून दिली. जुनी जपून ठेवली."

"मग?"

"मग ऑडिट आलं. शेठने जुनी प्रत परत मागितली, एका दिवसापुरती. मी म्हटलं, निदान त्या दिवशी तरी खरं चालेल. नाव मी नाही दिलं. ते त्यांनी दिलं."

"आणि नवा पडदा?"

"तू पत्रकं वाचून मोठी झालीस, पोरी. मशीन पत्रकावर चालत नाही." एवढं बोलून सरांनी फोन ठेवला.

मी आत आले ती थेट शोभाताईंकडे. मला वाटलं होतं, सांगितलं की त्या दचकतील. सगळं समजावून सांगितलं: हे दोन खांब कशासाठी आहेत, रोजच्या प्रोग्रॅममध्ये ते का आंधळे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ठाव हाय ना मॅडम. कल्पनाचं झालं तवाच कळलं."

"कोण कल्पना?"

त्यांनी मानेनेच पॅकिंगच्या टेबलाकडे दाखवलं. तिथे एक बाई खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. पट्टीचं टोक ती दाताने तोडत होती. डाव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातून संपलेली होती.

"माझ्या आधी ह्या मशीनवर तीच होती."

मी खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढली. मग म्हटलं, "शोभाताई, आजपासून 'रोजचे' बंद. नव्या कॉम्प्युटरवर फक्त 'पाहुणे' बसवते."

आणि आता त्या दचकल्या. भाकरीचा डबा बाजूला ठेवून त्यांनी माझं मनगट धरलं.

"मॅडम, तुमच्या पाया पडते. ते कायमचं नका लावू. कोन मधी नसलं तरी थांबतं ते. दिवसाच्या नगांचा आकडा होत नाय. ह्या मशीनवर पयल्यांदा बायका घेतल्या त्यांनी, आमी दोन शिफ्टला चौघी हाये. आकडा नाय झाला का पोरं आणतील आन् आमाला घरी बसवतील. तुमी चालू करून जाशीला. आकडा कोन देनार, तुमी?"

पत्रकात अशा ठिकाणी कामगार मूठ वळतो. शोभाताईंनी माझं मनगट धरलं होतं, मी काही करू नये म्हणून.

शेठच्या केबिनमध्ये गेले. मला वाटत होतं, समोर एखादा दैत्य बसलेला असेल. साधा माणूस. पाणी दिलं, चहा मागवला, वडिलांची तब्येत विचारली. मी म्हटलं, पडदा चालू करणार, आणि त्याची तार सॉफ्टवेअरमधून काढून थेट मशीनच्या वीजपुरवठ्यावर आणणार, म्हणजे कोणत्याही व्हर्जनला तो बंद करता येणार नाही. मुळात नियमानेही ती तशीच असायला हवी. तिन्ही आयकॉनऐवजी एकच राहील.

"मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटर बदलायला बोलावलंय. जसं आहे तसं पलीकडे न्या ना."

"कल्पनाताईंची बोटं गेली."

"तिचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी तिच्या घरी काहीतरी भांडण होतं. सगळ्यांना माहीत आहे." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. "आणि दुसरं सांगू? पडदा लावला तर मला बायका परवडत नाहीत. मग तुम्हीच सांगा त्यांना जाऊन."

"मग मी काम करत नाही. आणि टाय लावून येतात त्या पाहुण्यांना मी स्वतः कळवते, तुमच्याकडे त्यांच्यासाठी वेगळं मशीन आहे म्हणून."

"अहो, नाशिकमध्ये काय तुम्ही एकट्याच आहात का?" त्यांनी हसत मोबाईल उचलला, स्पीकरवर टाकला आणि माझ्यासमोरच देवरे सरांना लावला. "सर, नमस्कार. आपल्या प्रेसचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर टाकायचाय. तुमच्याकडे ते जुनं व्हर्जन आहे ना? मॅडमचं जरा तात्त्विक चाललंय."

सरांच्या बॅगेत ती डिस्क कायम असते, वरच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेली. मी शंभरदा बघितली आहे. मी खाली मान घालून बसले.

फोनमधून सरांचा आवाज आला. "कल्पना म्हणून बाई होती प्रेसवर. ती आहे का?"

"आहे ना, पॅकिंगला आहे. का?"

"पॅकिंगला का?"

शेठने टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "जरा लागलं होतं तिला."

"जुनं व्हर्जन माझ्याकडे नाही," सर म्हणाले. "काढून टाकलं. आता तिच्याकडेच आहे. ती म्हणेल तसं करा."

सर खोटं बोलले, हे त्या केबिनमध्ये फक्त मला माहीत होतं.

शेठने फोन ठेवला. माल जायचा होता, कॉम्प्युटर मरत होता, आणि आजोबा माझ्या लॅपटॉपमध्ये होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण आकडा पडला तर बायका जातील. हे तुमच्या डोक्यावर."

डोक्यावर घेऊन मी प्रेसजवळ आले. हार सोडला. साच्यात काही न ठेवता, समोर कोणालाही उभं न करता, 'पाहुणे' लावून प्रेस नुसता खालीवर केला आणि खांबांवरच्या दिव्यांकडे बघत बसले. हिरवा म्हणजे वाट मोकळी, लाल म्हणजे मध्ये काहीतरी आहे. प्रेस खाली आपटला की दिवा क्षणभर लाल. पुन्हा आपटला, पुन्हा लाल. मध्ये कोणी नाही, हार नाही, माशीसुद्धा नाही.

मी खांबावर तळहात ठेवला. प्रत्येक घावाला खांब थरथरत होता. तो प्रेसच्या अंगालाच बोल्टने आवळलेला होता. प्रेस हादरला की खांब हादरायचा, किरण दुसऱ्या खांबातली जागा चुकायचे, आणि पडद्याला वाटायचं, हात आला. नवा पडदा आणला असता तरी हेच झालं असतं. खांब जमिनीवर स्वतंत्र उभे करायला हवे होते, वेगळ्या स्टँडवर, प्रेसपासून थोडे लांब. लोखंडाचे दोन तुकडे आणि पायाशी वाकवलेली एकेक पट्टी. म्हणजे ब्रॅकेट!

मी आजूबाजूला बघितलं. डावीकडे ब्रॅकेटची खोकी. उजवीकडे ब्रॅकेटची खोकी. दारात टेम्पोत भरलेले ब्रॅकेट. सगळ्या देशाच्या गाड्यांना ब्रॅकेट पुरवणाऱ्या त्या कारखान्यात स्वतःच्या मशीनसाठी एक ब्रॅकेट कोणी वाकवला नव्हता. कोणाला गरजच पडली नाही, कारण आयकॉन बदलणं त्याहून सोपं होतं. त्या पट्टीच्या किमतीला कल्पनाताईंची बोटं गेली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायला समोर कोणी नव्हतं. सगळे जेवून परत येत होते.

पट्टी शोभाताईंनीच वाकवली, त्याच प्रेसवर. वेल्डरने स्टँड जोडून दिले. मी पडद्याची तार सॉफ्टवेअरमधून सोडवली आणि एका सेफ्टी रिलेवर आणली. रिले म्हणजे अशी डबी की तिला कोणी पाहुणा आहे की घरचा हे कळत नाही. किरण तुटले की ती प्रेसची वीज तोडते, बस्स. नव्या कॉम्प्युटरवर एक आयकॉन टाकला.

"नाव काय देऊ?"

शोभाताई म्हणाल्या, "रोजचंच ठिवा. आता कशाला खोटं."

मग त्या कामाला लागल्या. पट्टी, पाय, घाव. दिवा हिरवा. पट्टी, पाय, घाव. हिरवा. उगाच थांबणं बंद झालं होतं. वेग रोजच्याइतका नव्हता, पण पाहुण्यांच्या दिवसासारखा रखडतही नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला आणि त्या आपल्या जुन्या लयीत गेल्या. जुन्या लयीत गेल्या म्हणूनच ते झालं. एक पट्टी तिरकी बसली. ती सरळ करायला त्यांचा डावा हात आत गेला, आणि पाय सवयीने पेडलवर पडला होता.

प्रेस वरच थांबला. दिवा लाल.

शोभाताईंनी हात बाहेर काढायची घाई केली नाही. तो तसाच आत ठेवून त्या वर लोखंडाकडे बघत राहिल्या. पॅकिंगच्या टेबलावर चिकटपट्टीचा आवाज थांबला होता.

"थांबलं की," शोभाताई म्हणाल्या. "पाव्हणे नसताना थांबलं."

या गोष्टीला वर्ष होत आलं. चौघीही अजून प्रेसवर आहेत. पहिले काही दिवस आकडा कमी पडला, तेव्हा शोभाताईंनी मला फोनवर अशा शिव्या घातल्या की त्या छापता येणार नाहीत. कल्पनाताईंना काहीही मिळालं नाही. त्यांची नोंद अजूनही निष्काळजीपणा अशीच आहे, आणि ती बदलायला मी गेले, तर शेठ मला गेटच्या आत घेत नाहीत. ऑडिटवाल्यांना मी कळवलं नाही. शोभाताईंनी तशी गळ घातली आणि मी ऐकलं. पप्पांनी ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. देवरे सरांशी त्यानंतर मी एकदाच बोलले, त्यांच्या गुढीपाडव्याच्या शुभेच्छांना उत्तर म्हणून. सरांनी मला सगळं शिकवलं, हे आजही तेवढंच खरं आहे.

मात्र तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात गेले की आधी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नावं वाचते. बहुतेक ठिकाणी ठीक असतं. पण मला आणखी सापडले आहेत. एके ठिकाणी नाव होतं 'व्हिजिट'. एके ठिकाणी 'साहेब'.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी फोन वाजला.

"मॅडम, मशीन सुरूच होईना. सगळं केलं. लाल दिवा जातच नाय. शेठ वरडायलाय."

"शोभाताई, खांबांच्या मध्ये काय आहे बघा बरं."

"काय नाय. मधी कोन उभं बी नाय. आता पूजा झाली, नारळ फोडला, हार..." त्या थांबल्या. मग फोनमध्ये आधी त्यांचं हसू आलं, मग मागे आणखी कोणाकोणाचं. "अगं बाई. हार!"

"खांबांना नका बांधू. वर बांधा."

"वर बांधते," शोभाताई म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "इतकी वर्सं बांधला मॅडम. एकदाबी कुनी सांगितलं नाय."

आता मागणी. एकच आहे, पप्पांनी सांगितल्याप्रमाणे.

हा अंक तुमच्या हातात असेल तेव्हा दिवाळी संपून सातपूरला, अंबडला, सिन्नरला पुन्हा शिफ्ट सुरू झालेल्या असतील. तुमच्या घरातलं, शेजारचं, चाळीतलं कोणीतरी प्रेसवर उभं असेल. त्यांना सांगा, उद्या पहिला तुकडा लावायच्या आधी, स्वतः लांब उभं राहून, एक लाकडी पट्टी त्या दोन खांबांच्या मध्ये धरायची आणि प्रेस चालू करून बघायचा. चालू झाला, तर त्यात हात घालायचा नाही.